बटाट्याची दोन घराणी

तीर्थरूप शालनआत्याच्या चरणी निरंजनचा साष्टांग नमस्कार. (सध्या अंगावर दोन स्वेटर, एक कोट आणि पायांत लोकरीचे मोजे असल्यामुळे आठांपैकी फार तर तीनच अंगं वाकतात. उरलेल्या पाचांचा नमस्कार उन्हाळ्यात पोचता करीन.) तुझी पाठ कशी आहे? काकांनी सकाळी फिरायला जायला सुरुवात केली, की अजून नुसतेच बूट काढून बघतात आणि परत खोक्यात ठेवतात? मिरजेत थंडी पडली असेल. म्हणजे तुम्ही जिला थंडी म्हणता ती. इथे जर्मनीत तसल्या हवेत लोक बनियनवर अंगणात बसून आइस्क्रीम खातात.

माझी तब्येत उत्तम आहे. जरुरीपेक्षा थोडी जास्तच उत्तम आहे. गेल्या तीन वर्षांत माझी जी काही वाढ झाली ती प्रबंधात कमी आणि कमरेत जास्त झाली, असं आमचे प्राध्यापकच म्हणाले. मी त्यांना म्हणालो, सर, दोन्हींची सामग्री स्थानिक आहे. ते हसले नाहीत. इथे विनोद कळला की आधी त्यावर विचार करतात आणि गुरुवारी हसतात.

हे सगळं फोनवर न लिहिता कागदावर का लिहितोय, असा प्रश्न तुला पडला असेल. आपल्या घरच्या ग्रुपवर काही टाकलं की पाच मिनिटांत सांगलीपासून अमेरिकेपर्यंत त्याची आमटी होते. कागद मात्र एका वेळी एकाच माणसाच्या हातात राहतो. तेव्हा चष्मा लाव, दार लोटून घे आणि वाच.

निघताना तू मला मेतकुटाची बरणी देऊन म्हणाली होतीस, "तिकडे माणसं बटाटे उकडून खातात म्हणे, बाळा. जिवाला जप." तू बोललीस त्यात खोटं काही नव्हतं. बटाटे उकडल्यानंतर पुढे काय होतं, एवढंच तुला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. ते कळायला मला तीन वर्षं लागली आणि त्यापायी हे घर फुटायची वेळ आली.

घर उतारावर आहे. वरच्या मजल्यावर एबरहार्टकाका, त्यांची बायको विबकेकाकू आणि त्यांची सोळा वर्षांची मुलगी युले. खालच्या मजल्यावर काकांची आई, हेडविग आजी. आणि दोन्ही मजल्यांच्या मधे, जिन्यालगतच्या खोलीत, मी. विद्यापीठाने खोली शोधून दिली तेव्हा पत्त्यात "मधला मजला" असं लिहिलं होतं. मला वाटलं, ते स्थापत्यशास्त्र आहे. प्रत्यक्षात ती सरहद्द होती.

विबकेकाकू उत्तरेची. समुद्राकाठची, उंच, सरळ बोलणारी, वाऱ्यात वाढलेली बाई. लग्न होऊन बावीस वर्षं झाली तरी गावात ती अजून "नवीन आलेली" आहे. (इथे बाहेरून आलेल्या माणसाला, नुसता चव घ्यायला आत शिरलेला, अशा अर्थाचा एक शब्द आहे. बावीस वर्षं चव घेऊनही हिचा घास कुणी पूर्ण होऊ देत नाही.) तिच्या राज्यात संध्याकाळी चूल पेटत नाही. सहा वाजता पाव, लोणी, चीज, काकडीचं लोणचं आणि कापलेला मुळा. आपल्याकडे उपासाच्या दिवशीसुद्धा याहून जास्त भांडी पडतात. पहिले आठ दिवस मी हा पाव म्हणजे सुरुवात आहे असं समजून बेताने खात होतो आणि खरं जेवण कधी येतं म्हणून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होतो. नवव्या दिवशी युलेने दया येऊन सांगितलं, "अरे, तिकडून काही येत नाही. तिकडे फक्त फ्रिज आहे."

येत होतं, पण खालून. साडेसातला हेडविग आजी झाडूच्या दांड्याने छतावर दोनदा ठोकायची. म्हणजे माझ्या जमिनीवर. मी कचरा टाकायला जातो असं सांगून खाली जायचो. (इथे कचऱ्याचे इतके प्रकार आहेत की दिवसातून चार वेळा टाकायला गेलं तरी संशय येत नाही.) खाली गरम मसूर असायचे, घरी किसणीवर पाडलेल्या शेवयांसारख्या जाड पिठाच्या तुकड्यांबरोबर. वर शिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, धार. आत्या, पहिल्यांदा ते मसूर तोंडात घातले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आजीला वाटलं शिरका जास्त झाला. तिने आणखी मसूर वाढले. "खा रे," ती म्हणायची, "वर काय, गारढोण पाव दिला असेल. घोड्यालासुद्धा संध्याकाळी काहीतरी ऊन देतात." वर गेलो की विबकेकाकू विचारायची, "कचऱ्याला आज मसुरांचा वास कसा रे?" तिला सगळं माहीत होतं. तिला सगळं माहीत आहे हे आजीलाही माहीत होतं. माहीत असूनही काही न बोलणं, यालाच इथे कुटुंबजीवन म्हणतात. हे मी तुला सांगायला नको. आपल्या घरी आजी शेंगदाण्याच्या कुटाची आणि आई ओल्या नारळाची. एकाच वांग्याच्या भाजीच्या दोन पातेल्यांत मी लहानाचा मोठा झालो. समुद्र ओलांडून आलो तरी ओटा काही बदलला नाही.

आता मुख्य विषयाकडे येतो. बटाट्याचं सॅलड. तू म्हणशील, उकडलेला बटाटा तो काय आणि त्यावर भांडण ते काय. आत्या, किराणा आणि ग्वाल्हेर या गाण्यातल्या घराण्यांवरून आपल्या काकांचं आणि गोखले मास्तरांचं बोलणं बंद झालं ते आठव, आणि पुढे वाच. इथे बटाट्याची दोन घराणी आहेत. हेडविग आजीचं दक्षिणी घराणं: बटाटे गरम असतानाच सोलायचे, बोटं भाजली पाहिजेत, पातळ चकत्या, त्यावर उकळतं सूप (माझ्यासाठी भाज्यांचं, असं ती म्हणते, मी चौकशी करत नाही), शिरका, मोहरी, कांदा, तेल. ढवळताना पचक् पचक् असा आवाज आला तरच ते जमलं. विबकेकाकूचं उत्तरी घराणं: बटाटे रात्रभर गार करायचे, मग अंडी, आंबट काकडी, सफरचंद आणि वर पांढरंशुभ्र मेयोनेझ. आवाज आला तर बिघडलं. आजीच्या मते मेयोनेझ हे भिंतीतली भोकं बुजवायला असतं. काकूच्या मते आजीचं सॅलड म्हणजे सूप पडलेले बटाटे, पुसून घ्यायला हवेत असे.

पहिल्याच महिन्यात दोघींनी मला आपापलं सॅलड खाऊ घातलं आणि दोघींनी विचारलं, कसं झालंय? माझं जर्मन तेव्हा नुकतंच दात येत असलेल्या मुलासारखं होतं. पाठ केलेलं एकच मोठं वाक्य मला येत होतं: "असं मी आयुष्यात कधी खाल्लं नव्हतं." ते मी दोघींनाही म्हणालो. दोन्ही वेळेला ते अक्षरशः खरं होतं. दोघींनीही ते प्रमाणपत्र समजून जपून ठेवलं आणि यंदा, तीन वर्षांनी, नाताळच्या तोंडावर बाहेर काढलं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी इथे घरोघरी तेच जेवण असतं: सॉसेज आणि बटाट्याचं सॅलड. आणि या घरात बावीस वर्षं त्या एका संध्याकाळी तह असायचा. तो तह एबरहार्टकाकांनी केलेला. काका महिन्याला साधारण अकरा वाक्यं बोलतात, पण माणूस मुत्सद्दी. ते दरवर्षी दुकानातून प्लॅस्टिकच्या बादलीत मिळणारं तयार सॅलड आणायचे. ते दोघींनाही सारखंच नावडायचं. दोघी मिळून त्याला नावं ठेवायच्या, आणि नावं ठेवता ठेवता सण गोडीत पार पडायचा. यंदा काका बादली आणायला निघाले तर काकू म्हणाली, "बादली नको. निरंजनला माझं आवडतं. मी करणार." ते जिन्यातून खाली ऐकू गेलं. खालून आवाज आला, "निरंजनला कुणाचं आवडतं ते निरंजनला विचारा." आणि झाडूचा दांडा छतावर, एकदाच, जोरात.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला तळघरात बोलावलं, बटाट्यांची पोती दाखवायच्या निमित्ताने. बराच वेळ आम्ही बटाट्यांकडे बघत उभे राहिलो.

"आईने वृद्धाश्रमात नाव घातलंय," काका म्हणाले.

मला आधी वाटलं, माझं जर्मन चुकलं. मी परत विचारलं.

"गावाच्या वरच्या अंगाला नवा झालाय ना, तिथे. जानेवारीत जागा रिकामी होतेय. ती म्हणते, या घरात माझ्या हाताचं कुणाला नको असेल तर मी कशाला राहू. आणि विबके म्हणते, बावीस वर्षांत एक सण माझ्या चवीचा झाला नाही, तर मी आपली बहिणीकडे जाते, युलेला घेऊन, समुद्राकडे." मग त्यांनी एक बटाटा उचलला, फिरवून पाहिला आणि परत ठेवला. "तू काय वाटेल ते कर. फक्त निवड करू नकोस." महिन्याची सगळी वाक्यं त्यांनी त्या पाच मिनिटांत संपवली. नाताळपर्यंत ते नुसती मान हलवत होते.

ती संध्याकाळ आली. आधी त्यांच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, गेलो. सगळ्यांनी शांततेची गाणी म्हटली. विबकेकाकू आणि हेडविग आजी एकाच पुस्तकातून म्हणत होत्या, पण पान उलटायला कुणीही हात पुढे करीना, म्हणून तिसरं कडवं दोघींनी अंदाजाने म्हटलं. घरी आलो. झाडावर मेणबत्त्या, टेबलावर पांढरी चादर आणि मधोमध दोन वाडगे. एक निळा, एक पिवळा. आजीच्या वाडग्यातून वाफ येत होती. काकूच्या वाडग्यावर अंड्याच्या चकत्यांची फुलं. काका सॉसेजकडे असे बघत होते की जणू तेच उत्तर देतील. युलेने हनुवटीखाली हात घेतला आणि म्हणाली, "चला, निरंजन, सगळे थांबलेत. सॉसेज गार होतंय."

आत्या, त्या क्षणी माझ्या मनात कुठलाही मुत्सद्दीपणा नव्हता. घाम होता. मी निळ्यातून दोन चमचे घेतले, पिवळ्यातून दोन घेतले, अगदी मोजूनमापून, ताटलीत शेजारी शेजारी ठेवले. मग आता सुरुवात कुठून करायची, या भीतीने माझा हात जन्मभर जे करत आलाय तेच करून बसला. मी दोन्ही कालवलं. काट्याने नव्हे. हाताने. वरणभात कालवतात तसं, खालपासून वरपर्यंत, चांगलं एकजीव.

एक मेणबत्ती तेवढी तडतडली.

हेडविग आजी उभी राहिली. "हे काय केलंस रे? माझं सूप त्या चुन्यात? अरे, हे डुकरांना तरी घालावं का?"

विबकेकाकूने टेबलावर हात आपटला. "आई, बावीस वर्षांत आज पहिल्यांदा तुमचं मला पटलं. डुकरंसुद्धा तोंड लावणार नाहीत!"

"आणि हाताने!"

"हाताने, आई! सफरचंदाचा चेंदा केला त्याने!"

"माझ्या चकत्यांचं बघ ना! एक चकती शाबूत नाही. गरम गरम सोलल्या होत्या गं मी."

"दिसतंय ना. तुमची बोटं लाल झालीत अजून."

युले टेबलाखाली गेली होती, हसून हसून. मी मात्र तो घास खाल्ला, कारण ताटात टाकायचं नाही हे आजीने (आपल्या) शिकवलंय. चवीबद्दल मी इतकंच म्हणेन, की असं मी आयुष्यात कधी खाल्लं नव्हतं. पुढचा तासभर त्या दोघींनी, माझ्या दोन बाजूंना बसून, कुठला बटाटा कशाला शिवता कामा नये यावर माझा एकत्र वर्ग घेतला. एक वाक्य आजी सुरू करायची, काकू पुरं करायची. काकांनी जाता जाता माझा खांदा दाबला. बोलले नाहीत, पण त्या दाबण्याचं वजन दोन वाक्यांएवढं होतं.

तुला वाटेल, झालं, गोड शेवट. छे. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीबरोबरच्या बिस्किटांवरून पुन्हा जुंपली, आणि सण झाल्यावर आजीने शांतपणे सांगितलं की वृद्धाश्रमात एक दिवस जेवून बघायला बोलावलंय, तर कुणी गाडीने सोडेल का. काका पांढरे पडले. कामावर जायचंय म्हणाले आणि खरोखरच गेले. विबकेकाकूने किल्ल्या घेतल्या. मला म्हणाली, "तूही चल. त्यांना पायऱ्या चढताना हात लागतो, आणि माझा त्या धरत नाहीत."

जागा चांगली होती, खोटं कशाला बोलू. मोठ्या खिडक्या, कुंड्या, हसऱ्या मुली, प्रत्येकीच्या छातीवर नावाची पट्टी. आजीने चांगला कोट घातला होता, मोत्यांची माळ घातली होती. मुलगी दाखवायला न्यावी तशी ताठ बसली होती. तिला विचारलं, काही त्रास आहे का, आवडीनिवडी काय. ती म्हणाली, "मला काही लागत नाही. मी कुणाला अडचण करत नाही." हे ती विबकेकाकूकडे न बघता म्हणाली. काकू खिडकीबाहेर बघत होती.

मग ताट आलं. मांसाचा तुकडा, वाटाणे आणि उकडून घोटलेल्या बटाट्याचा एक गुळगुळीत गोळा, आइस्क्रीमच्या डावाने काढलेला. आजीने एक चमचा खाल्ला. चमचा खाली ठेवला. नॅपकिनने तोंड पुसलं आणि म्हणाली, "छान आहे."

आत्या, हेडविग आजी कशालाही छान म्हणत नाही. तिचं सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे "खाता येतं". काकूने हात लांब करून आजीच्या ताटातला एक चमचा घेतला. जिभेवर ठेवला. तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"पावडर," ती म्हणाली. "डब्यातली पावडर आणि गरम पाणी."

"असू दे गं," आजी म्हणाली. "इतक्या माणसांचं करायचं म्हणजे. कोण बसणार सोलत."

"आई, उठा."

"अगं, पण आत्ताच तर—"

"उठा म्हणते ना. कोट घाला. निरंजन, काठी घे त्यांची. बावीस वर्षं मी यांच्या सुपातल्या बटाट्यांशी भांडले ते यांनी इथे बसून पावडर खावी म्हणून नाही."

"नाव घातलंय मी."

"नाव काढता येतं."

आजी उठली. पायऱ्यांवर तिने एका बाजूने माझा हात धरला आणि दुसरीकडचा कठडा सोडून काकूचा. मी मागच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत राहिलो, कारण पुढे बघण्याची सोय नव्हती. दोघी नाक शिंकरत होत्या आणि दोघींनाही वाटत होतं की दुसरीला दिसत नाहीये. पेट्रोलपंपापर्यंत दोघी भांडल्या नाहीत. मग आजी म्हणाली, "तुझ्या त्या सॅलडात कांदा का घालत नाहीस कधी?" काकू म्हणाली, "कारण ते सॅलड आहे, आई, फोडणी नाही." आणि घर येईपर्यंत दोघी जोरजोरात भांडत होत्या. मला फार बरं वाटलं.

एबरहार्टकाका कामावरून लवकर परतून दारातच उभे होते. काकूने त्यांना एवढंच सांगितलं, "आई कुठे जात नाहीत. आणि तू आज कामावर गेलास हे मी विसरणार नाही." काकांनी मान हलवली. हे वाक्य त्यांना पुढची बावीस वर्षं ऐकावं लागणार, हे त्यांना कळलं होतं, आणि तरी त्यांचा चेहरा पोरगं पास झालेल्या बापासारखा दिसत होता.

तर अशी इथली हकिगत. माझा प्रबंध रांगत का होईना पुढे सरकतोय. काकांना नमस्कार. बुटांना पण.

तुझा लाडका (हे तूच म्हणतेस) भाचा,
निरंजन

ता. क. एक सांगायचं राहिलं. हेडविग आजी आणि विबकेकाकू फेब्रुवारीत मिरजेला यायचं म्हणताहेत. आमच्याकडे सासूसुना एकाच ओट्यावर, एकाच कढईत फोडणी देतात, असं मी गाडीत त्यांना सांगून बसलो. (पेट्रोलपंपाच्या अलीकडे दोघी भांडत नव्हत्या. भीती वाटली म्हणून काहीतरी बोललो.) तेव्हा पाहुण्या येतील त्या वेळी आपली आजी घरी, माझ्या आईच्या शेजारी उभी दिसली पाहिजे. तेवढं तू बघ.

दुसरा ता. क. आपली आजी महिनाभर तुझ्याकडे आहे हे मला ठाऊक आहे. कुणी सांगितलं नाही. तुम्ही सगळ्यांनी मिळून फार छान लपवलंत. पण मागच्या रविवारी आजी व्हिडिओ कॉलवर "घरीच आहे रे, देवघरापाशी" म्हणत होती तेव्हा तिच्या मागे तुझं लोणच्याच्या बरण्यांचं कपाट होतं. नारळावरून झालं की कुटावरून, हे मी विचारत नाही. तुझ्याकडे तिचं सुखाचं चाललं असेल, तू तिची लेक आहेस, जा म्हणणं तुझ्या जिवावर येणार. पण आत्या, मी तिला तुझ्या हातच्या आमटीबद्दल विचारलं तर ती म्हणाली, "छान असते." आपली आजी असं कधी म्हणते का? आईला "उठा, कोट घाला" म्हणायला जमणार नाही. एक तर ती मानी, आणि दुसरं, मिरजेत कोट नाहीत. पाहुण्यांचं निमित्त तेवढं दोघींच्याही कानावर घाल.

तिसरा ता. क. फेब्रुवारीत कुणी येत नाहीये. हेडविग आजी जन्मात जिल्ह्याच्या बाहेर गेलेली नाही, आणि काकूला चाळीस अंशांचं नुसतं नाव ऐकून चक्कर येते. पण हे आपल्या आजीला ती घरच्या ओट्यापाशी उभी राहून कूट कुटायला लागल्यावरच सांग. आईला तर सांगूच नकोस. तिने तोवर पाहुण्यांसाठी पडदे धुवायला काढले असतील.